धाग्याधाग्याचं मटण

कोल्हापूर-सांगलीकडे मटणाचा बेत असला की कुकर उघडल्यावर पहिला हिशोब होतो तो अळणी पाण्याचा. हळद, मीठ, आलं-लसूण एवढ्यावरच शिजवलेलं मटण एकीकडे, त्याचं पाणी दुसरीकडे. वाटीभर पोरांना प्यायला, थोडं पांढऱ्या रश्श्याला, उरलेलं तांबड्याला. मटण एकदा शिजवायचं आणि चव दुसऱ्यांदा द्यायची, ही रीत ज्या घरात मुरलेली आहे तिथे क्यूबाची रोपा विएहा अवघड जाऊ नये. फरक आहे तो मधल्या पायरीचा. शिजलेले तुकडे तसेच फोडणीत टाकत नाहीत. तंतूंच्या दिशेने हाताने सोडवून त्यांचे धागे करतात आणि मग ते धागे कांदा, ढोबळी मिरची, लसूण आणि टोमॅटोच्या दाटसर रसात पुन्हा शिजवतात.

क्यूबात रोपा विएहाला राष्ट्रीय पदार्थाचा मान आहे. नावाचा अर्थ ‘जुने कपडे’. त्यामागे सांगितली जाणारी गरीब म्हाताऱ्याची गोष्ट सोडून देऊ, कारण खरी मुळं त्यापेक्षा रंजक आहेत. मांस, कडधान्य आणि भाज्या एकत्र उकळून एक जेवण करायचं आणि उरलेलं मांस दुसऱ्या दिवशी सोडवून, परतून खायचं, ही स्पेनमधली जुनी काटकसर. तिथल्या सेफार्दी ज्यूंच्या घरी शब्बाथसाठी आदल्या संध्याकाळीच चुलीवर ठेवल्या जाणाऱ्या ‘आदाफिना’पर्यंत काही अभ्यासक तिचा माग नेतात. कॅनरी बेटांवर रोपा विएहा आजही करतात, पण तिच्यात छोले आणि बटाटे असतात. त्या बेटांवरून पुष्कळ माणसं क्यूबात जाऊन वसली. पदार्थही त्यांच्याबरोबर गेला, आणि तिथे छोले मागे पडून टोमॅटो आणि ढोबळी मिरची पुढे आली.

कॅरिबियन समुद्राच्या काठाने याचीच भावंडं भेटतात. व्हेनेझुएलात कार्ने मेचादा, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये कार्ने रिपियादा, कोलंबियात कार्ने देसमेचादा. प्वेर्तो रिकोत मात्र ‘कार्ने मेचादा’ म्हटलं की सारण भरून शिजवलेला मांसाचा अख्खा गोळा पुढ्यात येतो. तेव्हा पाककृती शोधताना ती कुठल्या देशाची आहे ते आधी बघून घ्या, नाहीतर वेगळंच काहीतरी होऊन बसेल.

आता मांसाचं. मूळ पदार्थ बीफचा, त्यातही पोटाकडच्या लांब तंतूंच्या भागाचा. स्पॅनिशमध्ये त्याला ‘फाल्दा’ म्हणतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी दुकानात ‘फ्लँक स्टेक’ मागावा, काम सोपं होईल. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू कापण्यावरही बंदी आहे, म्हणून इथे हा पदार्थ मटणाचाच करावा हे बरं. त्यात काही कमीपणा नाही. खुद्द क्यूबातही रोपा विएहा बरीच वर्षं मटणाचीच होते आहे. तिथे १९६२ मध्ये रेशनची वही आली. गुरांवर सरकारचं नियंत्रण इतकं कडक झालं की शेतकऱ्याला स्वतःच्या गोठ्यातलं जनावरही परवानगीशिवाय कापता येत नसे. कापलं तर तुरुंगाची हवा. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि उरलंसुरलं बीफही ताटातून गेलं. मेंढीवर तसा निर्बंध नव्हता. त्यामुळे हवानातल्या घरगुती खानावळींमध्ये रोपा विएहा मागवली तर पुष्कळदा मेंढीचं मांस येतं आणि कोणी त्याबद्दल भुवया उंचावत नाही. २०२१ मध्ये नियम काहीसे सैल झाले, पण मटणाची सवय लागली ती लागलीच.

खाटकाकडे नुसतं ‘बोनलेस द्या’ म्हटलं तर तो रस्सा डोळ्यांपुढे ठेवून पेराएवढे तुकडे करून देतो. त्या तुकड्यांचे धागे निघत नाहीत, चुरा निघतो. म्हणून आधीच सांगायचं: मांडीचं किंवा खांद्याचं मांस, हाड काढून, तळहाताएवढे मोठे तुकडे. घरी आणल्यावर तुकडा हातात धरून त्यावरच्या रेषा बघा. रेषा ज्या दिशेने जातात त्या दिशेने तुकडा जेवढा लांब, तेवढीच धाग्याची लांबी. पाच ते सात सेंटिमीटर उत्तम. त्याहून लांब धागे घासात लोंबतात, आखूड झाले तर खिम्यासारखे लागतात. एक किलो मांसाबरोबर दोन-तीन नळ्याही मागून घ्या, पाण्याला अंग येतं. बोकड कोवळा नसला तरी बिघडत नाही. उलट थोडा जून असला तर चव जास्त, फक्त वेळ वाढवायचा.

पहिलं शिजवणं अगदी साधं आहे. तुकडे आणि नळ्या कुकरमध्ये घालून वर दोन बोटं राहील इतकं पाणी, एक कांदा दोन फोडी करून, गाजराचा तुकडा, चार लसूण पाकळ्या, आठ-दहा मिरे आणि एक लहान चमचा मीठ. हळद घालू नका. ती मागाहून टोमॅटोच्या रंगात मिसळून सगळं पिवळट करते. झाकण लावण्याआधी एक उकळी येऊ द्या आणि वर जमणारा करडा फेस झाऱ्याने काढून टाका. पाणी नितळ राहतं. मग झाकण, एक शिट्टी, आणि मंद आचेवर पंचवीस मिनिटं. जून बोकडाला चाळीस. कुकर नको असेल तर जाड बुडाच्या पातेल्यात झाकून दोन ते अडीच तास. पातेल्यातल्या पाण्याला खळखळून उकळी नसावी. अधूनमधून एखादा बुडबुडा वर यावा, बस.

हा वेळ कशासाठी ते समजून घेतलं की घड्याळाकडे बघावं लागत नाही. मांडी आणि खांदा हे जनावराचे सतत राबणारे भाग, त्यामुळे त्यांत तंतूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन भरपूर असतं. साधारण ७० अंश सेल्सियसच्या पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. बांधणारंच विरघळलं की तंतू आपोआप सुटे होतात, आणि जिलेटिन त्यांच्याभोवती राहिल्यामुळे ते कोरडे लागत नाहीत. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं म्हणून तासांचं काम मिनिटांवर येतं. क्यूबातही हे गुपित घरोघरी ठाऊक आहे. २००५ मध्ये फिडेल कॅस्ट्रोंच्या सरकारने वीज वाचवण्याच्या मोहिमेत प्रेशर कुकर आणि राइस कुकर घराघरांत पोचवले होते, त्यामुळे कुकरमधली रोपा विएहा अस्सल नाही असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

शिजलं की नाही हे पाहायला काट्याने टोचणं पुरेसं नाही. काटा तुकड्यात खुपसून पाव फेरा फिरवा. धागे उलगडत बाजूला झाले तर झालं. तुकडा अख्खाच काट्याबरोबर फिरला तर पुन्हा झाकण लावा, दहा मिनिटं. इथे घाई केली की पुढे कितीही सॉस घाला, मटण चिवटच राहतं. ‘जास्त शिजून कडक झालं’ अशी तक्रार असते त्या दहापैकी आठ वेळा ते खरं म्हणजे कमी शिजलेलं असतं.

गॅस बंद केल्यावर मटण पाण्यातच अर्धा तास राहू द्या. गरमागरम बाहेर काढलं तर वाफेबरोबर ओलावा उडतो. हाताला सोसेल इतकं कोमट झालं की ताटात घेऊन दोन काट्यांनी किंवा सरळ बोटांनी सोडवा. बोटंच बरी, चरबीची गुठळी, पातळ पापुद्रा, नसेचा तुकडा बोटांना लगेच कळतो आणि बाजूला काढता येतो. पूर्ण गार झाल्यावर सोडवायला गेलात तर जिलेटिन घट्ट होऊन धागे तुटतात. मिक्सर, पोटॅटो मॅशर वगैरे यंत्रं या कामाला अजिबात आणू नका. धागे शेवयांइतके बारीक करायचा मोहही आवरा. आगपेटीतल्या काडीएवढी जाडी राहिली तर दुसऱ्या शिजवण्यात ते टिकतात. पाणी गाळून ठेवा. एक किलोला लिटरभर तरी निघेल, त्यातलं दीड वाटी पुढे लागेल.

आता सोफ्रितो, म्हणजे या सगळ्या प्रदेशाच्या स्वयंपाकाचा पाया. आपल्याकडे कांदा-खोबऱ्याचं वाटण जे काम करतं ते तिथे सोफ्रितो करतं. पसरट कढईत चार मोठे चमचे तेल (ऑलिव्हचं असलं तर छान, शेंगदाण्याचं असलं तरी चालेल), त्यात दोन मोठे कांदे उभे पातळ चिरून आणि दोन ढोबळ्या मिरच्या, शक्यतो एक हिरवी एक लाल, तशाच लांब चिरून. काप मटणाच्या धाग्यांच्या जाडीचे असले की सगळं एकमेकांत गुंततं. आच मध्यम. कांदा लाल करायचा नाही, ही आपल्या हाताला सगळ्यात जड जाणारी सूचना. बारा-पंधरा मिनिटांत कांदा पारदर्शक होऊन लोळागोळा व्हायला हवा आणि मिरचीचा ताठरपणा जायला हवा. मग सहा-आठ लसूण पाकळ्या बारीक चिरून, मिनिटभर.

मसाल्याचा डबा उघडताना हात आवरा. क्यूबाचं जेवण तिखट नसतं. तिथे वापरली जाणारी छोटी ‘काचुचा’ मिरचीसुद्धा वासाची, तिखटाची नव्हे. लाल तिखट, गरम मसाला, धणेपूड यातलं काहीही घातलंत की ते चांगलं मटण होईल, पण आपलं ओळखीचंच होईल. लागते ती चमचाभर जिरेपूड, आणि तीही न भाजलेल्या जिऱ्याची. भाजलेल्या जिऱ्याचा वास ताकाची आठवण करून देतो. तमालपत्र घालायचं तर अर्धं पान पुरे, कारण आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं आहे आणि तिकडचं लॉरेलचं, दोघांचा वास वेगळा. आणि ओरेगॅनो. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या शोधण्याआधी गॅलरीतल्या कुंड्यांकडे बघा. भज्यांसाठी लावतो तो जाड, मऊ, लवदार पानांचा पानओवा कॅरिबियन घरांतही परसात असतो. इंग्रजीत त्याला ‘क्यूबन ओरेगॅनो’ म्हणतात, त्रिनिदादमध्ये तो ‘स्पॅनिश थाइम’ होतो. दोन पानं बारीक चिरून सोफ्रितोत घाला. जास्त नको, वास उग्र असतो.

यानंतर चार पिकलेल्या टोमॅटोंचा गर आणि असल्यास एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट. क्यूबात इथे ‘विनो सेको’ नावाची मीठ घातलेली, स्वयंपाकाची पांढरी वाइन पडते. घरात पांढरी वाइन असेल तर अर्धी वाटी घाला, नसेल तर गोव्याचं माडाचं व्हिनेगर दोन लहान चमचे. आपले टोमॅटो आंबट असतात, म्हणून व्हिनेगर आधी थोडंच घालून चव बघा. कच्चा वास गेला की मटणाचे धागे आणि दीड वाटी पाणी घालून मंद आचेवर, झाकण न लावता, वीस ते तीस मिनिटं. रस धाग्यांत शिरला पाहिजे आणि चमच्यातून सांडण्याइतका पातळही राहता कामा नये. ताटात वाहिली तर ती रोपा विएहा नव्हे. शेवटच्या पाच मिनिटांत आठ-दहा हिरवे ऑलिव्ह कापून आणि मिळाले तर चमचाभर केपर्स. दोन्ही खारवलेले असतात, म्हणून मिठाची शेवटची चव त्यांच्यानंतरच घ्या.

बरोबर पांढरा मोकळा भात, काळ्या घेवड्याची दाट उसळ आणि पिकलेल्या केळ्याचे तळलेले काप, ‘मादुरोस’. दुकानात काळा राजमा किंवा ‘ब्लॅक बीन्स’ म्हणून मिळतो तो घ्या. रात्रभर भिजवून कुकरला लावला आणि वरून थोडी कांदा-मिरची-जिऱ्याची फोडणी दिली की झालं. केळ्याच्या बाबतीत मात्र महाराष्ट्र नशीबवान. वसई आणि कोकणातलं राजेळी केळं हे त्यांच्या प्लँटेनच्याच जातकुळीतलं. सालीवर काळे डाग पडून ती जवळजवळ काळी होईपर्यंत थांबा, मग तिरके जाड काप करून थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी तपकिरी होईस्तोवर तळा. वेलची किंवा बसराई केळं घेऊ नका, तेलात विरघळून लगदा होतो. खारट-आंबट मटण आणि गोड केळं एकाच घासात घ्यायचं. सुरुवातीला विचित्र वाटेल, दुसऱ्या घासाला वाटणार नाही.

घरोघरच्या फरकांपैकी मला सगळ्यात आवडतो तो क्यूबाचाच ‘वाका फ्रिता’. पहिलं शिजवणं आणि धागे काढणं तेच, पण दुसऱ्यांदा रसात न शिजवता ते तव्यावर कुरकुरीत करायचे. तिथे कडू-आंबट संत्र्याचा रस वापरतात. आपल्याकडे एक लिंबू आणि अर्ध्या संत्र्याचा रस मिळून ते काम होतं. धागे हाताने घट्ट पिळून घ्या, त्यात तो रस, ठेचलेल्या सहा लसूण पाकळ्या आणि मीठ चोळून अर्धा तास ठेवा. मग लोखंडी तवा चांगला तापवून दोन चमचे तेल सोडा आणि धागे पातळ थरात पसरा. आता खरी कसोटी: ढवळायचं नाही. तीन-चार मिनिटं त्यांना हात लावू नका. चुरचुर आवाज बारीक होत जातो, कडा तपकिरी होतात, मग उलथन्याने एकदाच परतायचं. शेवटी उभा चिरलेला कांदा टाकून दोन मिनिटं. थर जाड झाला तर धागे वाफेवर शिजतात आणि कुरकुरीतपणा येतच नाही, म्हणून दोन-तीन खेपांत करा. रोपा विएहा करताना मुद्दाम दोन मुठी धागे बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशीची सोय होते.

व्हेनेझुएलात कार्ने मेचादा थोडी कोरडी ठेवतात. सोफ्रितोच्या तेलाला शेंद्रीच्या बियांचा केशरी रंग देतात आणि चमचाभर वुस्टर सॉस घालतात. भात, काळा घेवडा आणि केळ्याचे काप यांच्याबरोबर ती ताटात आली की त्या ताटाला ‘पाबेयॉन क्रियोयो’ म्हणतात. वर तळलेलं अंडं असेल तर ‘आ काबायो’, म्हणजे घोड्यावर बसलेलं. उरलेली मक्याच्या जाड ‘आरेपा’त भरतात. आरेपासाठी आधी शिजवून वाळवलेलं मक्याचं पीठ लागतं, आपलं साधं पीठ वळत नाही. तो नाद सोडा आणि गरम ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा उघडून त्यात भरा. अस्सल नसेल, पण चांगलं लागतं.

कोंबडीची करायची तर छातीचं मांस टाळा. मांडीचं घ्या, हाडासकट वीस मिनिटं साध्या पातेल्यात शिजवा; कुकरची गरज नाही. दुसरं शिजवणं दहा मिनिटांत आटपा, नाहीतर धाग्यांचा भुगा होतो.

शाकाहारी घरांसाठी कोवळा फणस, कोकणातली कुयरी, हा उत्तम पर्याय आहे. कोकणात तिच्या भाजीसाठी ती उकडून ठेचतात. इथे ठेचायची नाही, उकडून हाताने सोडवायची. चिरताना हाताला आणि विळीला तेल लावा, चीक चिकटतो. मिठाच्या पाण्यात कुकरला दोन शिट्ट्या, मग पाणी पूर्ण पिळून काढा आणि आधी तव्यावर थोड्या तेलात कडा तपकिरी होईपर्यंत परता. या परतण्यावाचून फणस सॉसमध्ये बेचव पडतो. मटणाच्या पाण्याऐवजी काळा घेवडा शिजवलेलं पाणी घाला, त्याला दाटपणा असतो. क्यूबात नव्वदच्या दशकातल्या टंचाईत लोकांनी केळ्याच्या सालींचासुद्धा खिमा केला होता, तेव्हा फणस तर चैनच.

राहिलेलं मटणाचं पाणी ओतून देऊ नका. गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवलं की वर चरबीचा पांढरा थर जमतो, तो चमच्याने काढा. त्याच चरबीत पुढच्या वेळचा सोफ्रितो परतता येतो. खालचं पाणी त्याच संध्याकाळी शेवया आणि बटाटा घालून सूप म्हणून घ्या किंवा पांढऱ्या रश्श्याला वापरा. तयार रोपा विएहा दुसऱ्या दिवशी अधिक मुरते, म्हणून पाहुणे शनिवारी येणार असतील तर शुक्रवारीच करून ठेवा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या, तिथे तीन दिवस. फ्रीझरमध्ये दोन महिने सहज टिकते, मात्र ऑलिव्ह आणि केपर्स न घालता, आणि वर बुडेल इतका रस ठेवून. कोरडे धागे गोठवले तर बर्फात त्यांचा ओलावा जातो. गरम करताना एक पळी राखून ठेवलेलं पाणी घाला, आच मंद ठेवा, आणि ऑलिव्ह त्या वेळी टाका.